लेकरांचे मन खचू नये म्हणून



नाताळचे गोठे अजून घराघरांत उभे आहेत. डब्यांच्या तळाशी थोड्या नेवऱ्या उरल्या आहेत, पाहुणे परतीच्या गाडीला लागले आहेत आणि आज आपण पवित्र कुटुंबाचा सण साजरा करीत आहोत. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल कलस्सै येथील ख्रिस्ती कुटुंबांना एकेक करून हाक मारतो. पत्नींविषयीचे वाक्य आले की आपल्या बाकांवर कोपरखळ्या सुरू होतात, हे आम्हांला वेदीवरून चांगले दिसते. पुढचे वाक्य मुलांनी आज्ञा पाळावी असे. ते आले की आई-बाप मुलांकडे डोळे मोठे करून बघतात, "ऐकलंस ना?" म्हणून. एवढ्यात शेवटचे वाक्य निघून गेलेले असते. ते बापांसाठी आहे. मुलांना सतत चिडवू-डिवचू नका, नाही तर त्यांची उमेद जाईल, असा त्याचा आशय आहे (कलस्सै ३:२१). आज तेवढेच एक वाक्य आपण हाती घेऊ या.

पौलाने हे लिहिले तेव्हाच्या रोमन जगात बापाला मुलांवर कायद्याने जवळजवळ अमर्याद सत्ता होती. त्या जगातल्या बापाला कुणी तरी सांगतो आहे की, तुझ्या बोलण्याने तुझ्या लेकराच्या आत काही तरी मोडू शकते. आणि जे मोडते ते बाहेरून दिसत नाही. मूल आज्ञाधारक होते, शिकते, नोकरीला लागते, लग्न करते. मोडलेले आत तसेच राहते.

येथे आमचीच एक गोष्ट सांगतो. आमचे घर वाडीचे. भाजी दादरच्या बाजाराला जायची. संध्याकाळी अंगणात बसून सगळ्यांनी जुड्या बांधायच्या आणि पहाटेच्या गाडीने आईने माल घेऊन जायचा. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असल्यापासून जुड्या बांधत होतो. आम्ही बांधलेली जुडी बाबा उचलायचे, सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. तोंडाने काही नाही. रागावणे नाही, मारणे तर कधीच नाही. त्यांचे बरोबरच होते. सैल जुडी बाजारात पोहोचेपर्यंत विस्कटते आणि तिचा भाव पडतो. पण एवढ्या वर्षांत एखादी तरी जुडी घट्ट बांधली गेली असेलच की! तीही सुटायची.

पुढे आम्ही सेमिनरीत गेलो, तत्त्वज्ञान शिकलो, धर्मगुरू झालो. पूर्वीच्या एका धर्मग्रामात दर शनिवारी संध्याकाळी महिला मंडळाच्या भगिनी वेदीवर फुले लावायच्या. त्या गेल्या की आम्ही एखादी फुलदाणी जरा उजवीकडे सरकवायचो, दोन फांद्या काढून पुन्हा खोवायचो. मग बरे वाटायचे. काही महिन्यांनी त्यांतली एक भगिनी येईनाशी झाली. घरभेटीला गेलो तेव्हा विचारले. ती म्हणाली, "फादर, तुम्हांला नंतर सगळं बदलावंच लागतं. मग आमचा हात कशाला मध्ये?" बोलण्यात राग नव्हता. चहा पिऊन आम्ही निघालो आणि सायकल धर्मगुरुनिवासापर्यंत येण्याआधीच आम्हांला अंगण आठवले, भाजीचा ढीग आठवला आणि बाबांची बोटे आठवली. आमच्या मनात तीस वर्षे एक वाक्य बसले होते, आणि ते कुणी कधीच उच्चारले नव्हते: तू केलेले पुन्हा करावे लागते. ते आम्ही स्वतःला लावत होतो आणि न कळत इतरांनाही लावत होतो.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आरन बेक (१९२१–२०२१) खिन्नतेच्या रुग्णांवर उपचार करीत असताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. या माणसांच्या मनात काही विचार आपोआप उमटतात, इतके झटकन की विचार केला हेही त्यांना कळत नाही. शेजाऱ्याने हाक दिली नाही, की विचार येतो, "मी कुणाला नकोच आहे." आणि या विचारांच्या खाली, विहिरीच्या तळाशी गाळ असावा तशी, स्वतःविषयीची जुनी समजूत बसलेली असते. ती बहुधा लहानपणी तयार झालेली. मूल ती समजूत तपासून घेत नाही. त्याच्याजवळ तपासायला दुसरे घर नसते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डॉ. जॉन बोल्बी (१९०७–१९९०) आई आणि मूल यांच्या नात्याचा अभ्यास करीत होते. त्यांचे म्हणणे असे की, रडल्यावर कुणी जवळ घेते की नाही, यावरून तान्हे मूल मनात जगाचा एक नमुनाच तयार करते. मी बोलावले तर कुणी येईल का? मी यायला लायक आहे का? पुढे मित्र जोडताना, संसार करताना तो नमुना वापरात राहतो. बोल्बींना स्वतःला दाईने वाढवले होते. ते चार वर्षांचे असताना ती नोकरी सोडून गेली आणि ते दुःख त्यांनी म्हातारपणापर्यंत विसरले नाही.

आम्ही सेमिनरीत अ‍ॅरिस्टॉटल वाचला तेव्हा त्याचे एक मत पाठ केले होते की, लहानपणापासून कोणत्या सवयी लागतात यावर थोडेथोडके नव्हे, सगळेच अवलंबून असते. परीक्षेत ते लिहून गुणही मिळवले. मात्र विचार हीसुद्धा एक सवय आहे, आणि तीही कुणी तरी लावलेली असते, हे त्या भगिनीच्या घरचा चहा पिऊन कळले.

पवित्र शास्त्रात याचे सगळ्यांत मोठे उदाहरण आहे ते याकोबाचे घर. उत्पत्तीच्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय काढा आणि तेथून शेवटपर्यंत सलग वाचा. एखाद्या मालिकेपेक्षा कमी रंगणार नाही. इसहाकाचा लाडका एसाव, रिबकाचा लाडका याकोब. घर मधोमध चिरलेले. धाकटा याकोब थोरल्याचे कपडे घालतो, हातांना करडांची कातडी गुंडाळतो आणि आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद पदरात पाडून घेतो. या घरात प्रेम सगळ्यांना पुरत नाही, ते हिसकावून घ्यावे लागते, हे त्याने तिथे शिकून घेतले. मग हा मुलगा बाप होतो. तो वेगळे वागेल असे आपल्याला वाटते. पण अनेक वर्षांनी एसाव चारशे माणसे घेऊन सामोरा येत आहे असे कळते, तेव्हा याकोब आपल्या कुटुंबाची रांग लावतो. सर्वांत पुढे दासी आणि त्यांची मुले, त्यांच्या मागे लेआ आणि तिची मुले, सगळ्यांत मागे, सुरक्षित, राहेल आणि योसेफ (३३:२). त्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांचा विचार करा. तलवार आली तर आधी कुणी मरायचे हे बापाने ठरवून दिले आहे. त्या दिवशी तलवार चालली नाही, भाऊ गळ्यात पडून रडले. पण मुलांनी आपली जागा बघून घेतली. पुढे योसेफाच्या अंगावर तो खास झगा आला आणि भावांना त्याच्याशी धड बोलता येईना, यात नवल ते काय? त्यांनी त्याला विकले, झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवला आणि बापाला दाखवला. याकोबाने बापाला कपड्यांनी आणि करडाच्या कातड्याने फसवले होते. त्याच्या मुलांनी त्याला कपड्याने आणि बकऱ्याच्या रक्ताने फसवले.

आपल्याकडे असे झगे शिवले जात नाहीत असे कुणी म्हणू नये. "तुझा भाऊ बघ", "मावशीची मुलगी बघ", "हा आमचा हुशार, आणि ही अशीच आहे." पाहुण्यांसमोर, हसत हसत, मूल बाजूला उभे असताना आपण हे बोलतो. गोऱ्या रंगावरून बोलतो, गुणांवरून बोलतो. 'अशीच' म्हटलेली ती मुलगी आज चाळीस वर्षांची आहे. तिला बढतीचे पत्र आले तरी तिला वाटते, साहेबांचे काही तरी चुकले असणार.

पण याकोबाच्या घराची गोष्ट तेथे संपत नाही, आणि आम्हांला तुमच्यासमोर मांडायचे आहे ते यापुढचेच. दुष्काळ पडतो, भाऊ मिसरात धान्याला जातात. योसेफ त्यांना ओळख देत नाही. बन्यामीन चोरीच्या आळात अडकतो आणि त्याला गुलाम म्हणून ठेवून घ्यायची वेळ येते. तेव्हा यहूदा पुढे होतो (अध्याय ४४). हा लेआचा मुलगा. नावडतीचा. मिसरच्या अधिकाऱ्यापुढे बापाची विनवणी करताना तो बापाचे शब्द जसेच्या तसे सांगतो की, माझ्या बायकोने मला दोन मुलगे दिले. दोनच! म्हणजे यहूदाची आई बायको नव्हे आणि यहूदा मुलगा नव्हे, असाच त्या शब्दांचा अर्थ. ते शब्द त्याने किती वेळा ऐकले असतील, किती रात्री आत घोळवले असतील. आज तो ते मोठ्याने उच्चारतो आणि त्याच्या आवाजात विष नाही. बापाचा जीव त्या पोरात गुंतला आहे, तो परत गेला नाही तर म्हातारा मरेल, त्याच्या जागी मला ठेवून घ्या, असे तो म्हणतो. याकोब बदललेला नाही. तो पुढे नातवंडांना आशीर्वाद देतानाही हात आडवे करून धाकट्याला थोरल्याच्या पुढे काढतोच (४८:१४). बापाचा स्वभाव तोच आहे. यहूदा मात्र त्या स्वभावाचा कैदी राहिलेला नाही. मधल्या काळात त्याने स्वतःचे दोन मुलगे पुरले होते, हेही विसरू नका. आणि प्रभू येशूची वंशावळ कुणाच्या घराण्यातून आली? लाडक्या योसेफाच्या नव्हे, यहूदाच्या.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मेरी मेन नावाच्या अमेरिकन संशोधक विदुषींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आई-वडिलांना बसवून त्यांच्या स्वतःच्या बालपणाविषयी विचारायला सुरुवात केली, आणि त्यांच्या मुलांशीही ते ताडून पाहिले. बालपण सुखाचे होते की दुःखाचे, यापेक्षा ते आज कसे सांगता येते याला जास्त महत्त्व आहे, असे त्यांना आढळले. खडतर बालपण गेलेली माणसेही ते सगळे नीट, धीराने, न लपवता आणि न चिघळवता सांगू शकत असतील, तर त्यांची मुले त्यांच्याजवळ निर्धास्त असण्याची शक्यता चांगली असते. यहूदाचे मिसरमधले भाषण आम्हांला तसे वाटते.

आता एक नाजूक गोष्ट. आई-बापाच्या आवाजालाच पुष्कळदा आपण देवाचा आवाज समजून बसतो. मूल जेवत नाही, तर "येशू रागावेल". खोटे बोलले, तर "देव वरून बघतोय, थांब". देवाला आपण घरचा पोलीस करून ठेवतो, कारण आपल्याला स्वतः ते काम करण्याचा कंटाळा येतो. संत अगस्तिन चाळिशी ओलांडल्यावर, बिशप झाल्यावर आपले जीवन लिहायला बसले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या आठवणींत एक आहे ती शाळेतल्या माराची. छोटा अगस्तिन देवाला विनवायचा की, मला मार बसू देऊ नकोस. आणि अंगावरचे वळ बघून मोठी माणसे हसायची, आई-वडीलसुद्धा. त्यांना त्याचे वाईट व्हावे असे मुळीच वाटत नव्हते, हे तो स्वतःच नमूद करतो. आई तर संत मोनिका! तरीही ते हसणे त्याला तेवढ्या वर्षांनी, तेवढ्या ज्ञानानंतर आठवते. मार तो विसरला असता कदाचित.

प्रायश्चित्त संस्काराला येताना म्हणून आपण एक विवेक करायला शिकले पाहिजे. काल सासूला उलट बोललो, हिशेबात खोटे लिहिले, ही पापे आहेत. ती सांगावीत, क्षमा घ्यावी आणि शांतीने घरी जावे. पण "मी कुठेच पुरा पडत नाही, माझ्यात काही अर्थ नाही" हे पाप नव्हे. तो जुना आवाज आहे. तो क्षमा मिळाल्यावरही गप्प बसत नाही, यावरूनच तो देवाचा नाही हे ओळखावे. तो आवाज झोप उडवत असेल, जगणे नकोसे करीत असेल तर आमच्याकडे जरूर या, आणि डॉक्टरांकडेही जा. मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात श्रद्धेचा कमीपणा नाही. गुडघा दुखला तर आपण नुसत्या नोव्हेनावर थांबत नाही.

हे वाचून कुणी आपल्या म्हाताऱ्या आई-वडिलांचा हिशेब मांडायला बसू नये. आजचेच पहिले वाचन बेनसिराच्या ग्रंथातले आहे, आणि ते वृद्ध पित्याची बुद्धी मंदावली तरी त्याला सांभाळून घे असे सांगते. देवाने दोन्ही वाचने एकाच रविवारी आपल्या पुढ्यात ठेवली. ज्या पिढीने आपल्याला वाढवले तिला बालमानसशास्त्र कुणी शिकवले नव्हते. पहाटे तीनला उठणाऱ्या बाईकडे मुलाची समजूत घालायला वेळ कुठला? शिवाय सगळेच काही आई-बाप घडवत नाहीत. एकाच पदराखाली वाढलेली दोन भावंडे दोन तऱ्हांची निघतात, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे.

आमच्या गुरुदीक्षेच्या दिवशी सॅक्रिस्टीत गर्दी होती. आम्ही पांढरा झगा घालून कमरेची दोरी बांधली. बाबा नवे कपडे घालून कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले, दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. काही बोलले नाहीत. त्या दिवशी आम्हांला त्याचा रागच आला, आजही नाही म्हणणार नाही. पण ती गाठ बांधताना त्यांची बोटे थरथरत होती. बाबांना दुसरी भाषा येत नव्हती. त्यांच्या वडिलांनी त्यांना कशी शिकवली असेल, हे विचारायचे राहून गेले. बाबा आता नाहीत.

नाताळच्या दिवसांतलीच आणखी एक हकिगत सांगून थांबतो. बाळ येशूच्या संत तेरेजाची आई १८७७ साली वारली तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. त्यानंतर ती फार हळवी झाली. जरा काही झाले की रडायची, आणि रडल्याबद्दल पुन्हा रडायची. नको त्या पापशंकांनी तिचे मन पोखरले होते. १८८६ सालच्या नाताळच्या रात्री मिस्साहून परतल्यावर, फ्रान्समधल्या रिवाजाप्रमाणे बुटांत ठेवलेल्या भेटी तिला बघायच्या होत्या. ती जिना चढत असताना दमलेल्या वडिलांचे त्रासिक बोल तिच्या कानी पडले. हे पोरकट प्रकार यंदा शेवटचे, बरे झाले, अशा अर्थाचे. हे वडील लुई मार्टिन, ज्यांना पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पत्नीसह संतपद जाहीर केले. संताच्याही तोंडून लेकराचे मन दुखावेल असे निघते! तेरेजा तेव्हा चौदाव्या वर्षात होती. नेहमीप्रमाणे आता रडे कोसळणार हे तिच्या बहिणीने ओळखले. तेरेजाने डोळे पुसले, ती खाली आली आणि हसत हसत एकेक भेट बाहेर काढू लागली. वडीलही हसू लागले. आपल्या खऱ्या परिवर्तनाची रात्र ती हीच, असे तिने पुढे लिहिले. जे तिला दहा वर्षांत जमले नाही ते येशूने एका क्षणात केले, असे तिचे म्हणणे. आपल्यापैकी बहुतेकांचे एका रात्रीत होत नाही. आमचे तर अजून चालूच आहे. आणि तेच वडील, ज्यांना ती 'माझा राजा' म्हणायची, त्यांच्या मांडीवर तिला देवाच्या बापपणाची पहिली ओळख झाली होती.

तेव्हा घरी काय करता येईल? मुलाने केलेले काम, थोडे वाकडे असले तरी, दिवसातून एकदा तरी तसेच राहू द्या. कान उघाडणी करायचीच तर कृत्याची करा, "तू असाच आहेस" हे वाक्य सोडून द्या. आणि आपले चुकले तर मुलापाशी जाऊन तसे सांगा. बापाने माफी मागितली म्हणून आज्ञाधारकपणा कमी झाला, असे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. ज्या घरी संध्याकाळच्या रोझरीनंतर मुले अजून वडीलधाऱ्यांपुढे आशीर्वादाला येतात, त्यांनी ती चाल मोडू नये. टीव्हीसाठी तर मुळीच नाही.

आज दोन्ही मिस्सांच्या शेवटी आम्ही आई-वडिलांना आपल्या मुलांच्या कपाळावर क्रूसाची खूण करायला सांगणार आहोत. मुलगा बोटीवर किंवा आखाती देशात असेल त्यांनी घरी जाऊन फोन लावावा आणि आशीर्वाद तोंडाने द्यावा. ज्यांचे स्वतःचे केस पिकले आहेत पण आई किंवा वडील बाजूच्या बाकावर बसले आहेत, त्यांनीही कपाळ पुढे करायला लाजू नये. घाई करू नका. गायनवृंदाला दोन कडवी जास्त गायला सांगितले आहे.

आपले धर्मगुरू